दिवाणी न्यायालयात शासनाच्या धोरणाचा बचाव कसा करावा : सोलापूर जिल्ह्यातील नव्या सहायक सरकारी वकिलांसाठी

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात सहायक सरकारी वकील म्हणून मी काम सुरू केले, तेव्हा पहिल्या आठवड्यात हाती आलेल्या दप्तरांत पंचनामे होते, तहसीलदारांच्या नोटिशा होत्या, सातबारा उतारे आणि फेरफारांच्या नकला होत्या; ज्या धोरणाचा बचाव करायचा होता त्याचा मूळ कागद मात्र एकाही दप्तरात नव्हता. धोरण मंत्रालयात ठरते आणि त्यावर वर्तमानपत्रांत चर्चा होते. दावा मात्र त्या धोरणाखाली एखाद्या अधिकाऱ्याने एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट गटक्रमांकावर उचललेल्या पावलाबद्दल असतो. ते पाऊल कायद्यात बसते आणि त्याचा कागद जागेवर आहे एवढे दाखवता आले, तर धोरण आपोआप टिकते. ते दाखवता आले नाही, तर धोरण कितीही लोकहिताचे असले तरी न्यायाधीश मनाई हुकूम देतात, आणि तो योग्यच असतो. पुढील सर्व मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक नमुन्याचा दावा डोळ्यांसमोर ठेवू. मोहोळ तालुक्यातील एका गावात गायरान गटाच्या काही भागावर एक कुटुंब कित्येक वर्षे जोंधळा पेरते आहे आणि तिथेच त्यांचे पत्र्याचे घर आहे. तहसीलदारांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० खाली अतिक्रमण काढण्याची नोटीस दिली. कुटुंबप्रमुखाने वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात निरंतर मनाईचा दावा दाखल केला आणि सोबत निशाणी ५ चा, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दिला. आपल्याकडे येणाऱ्या कामात अशा दाव्यांचे प्रमाण मोठे आहे. त्याखालोखाल उजनी प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी लाभक्षेत्रातील जमिनींवर घातलेले निर्बंध, देवस्थान इनाम, भोगवटादार वर्ग २ च्या (शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता न येणाऱ्या) जमिनींचे शर्तभंग आणि भूसंपादन यांचे दावे येतात.

कामाची हद्द आधी ओळखावी

जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहायक यांच्या नेमणुका विधी व न्याय विभाग करतो आणि त्या १९८४ च्या विधी अधिकाऱ्यांसंबंधीच्या नियमांनुसार होतात. फौजदारी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे काम करणारे सहायक सरकारी अभियोक्ता हे वेगळे पद असून त्यांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. पक्षकार अनेकदा या दोहोंची गल्लत करतात. सत्र न्यायालयातील फौजदारी काम सोबत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १८ नुसार वकिलीचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २७ नियम ४ नुसार सरकारी वकील हा शासनाच्या वतीने समन्स स्वीकारणारा अभिकर्ता असतो. हा नियम हलक्यात घेऊ नये. समन्स आपल्या कार्यालयात बजावले गेले की घड्याळ सुरू होते. जिल्हाधिकारी कार्यालयाला त्या दाव्याची अद्याप कल्पना नाही, हे कारण पुढे चालत नाही.

सोलापूर महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांचे वकील स्वतंत्र असतात. वादपत्रात या संस्था आणि महाराष्ट्र शासन एकत्र प्रतिवादी असतील, तर त्यांच्या वकिलांशी पहिल्याच तारखेला बोलावे, कारण एकाच नकाशाबद्दल दोन प्रतिवादींनी दोन निरनिराळी म्हणणी दिली तर त्याचा सगळा लाभ वादीला मिळतो. सेवाविषयक वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात. शासन निर्णयाच्या वैधतेलाच आव्हान द्यायचे असेल तर पक्षकार सहसा रिट याचिका करतो, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथील उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील अशा याचिका आता तिथे चालतात. एकाच विषयावर इकडे दावा आणि तिकडे याचिका असे पुष्कळदा घडते, म्हणून कोल्हापूरच्या सरकारी वकील कार्यालयाशी पत्रव्यवहार ठेवावा आणि तिकडच्या शपथपत्राची प्रत मागवूनच इकडची कैफियत, म्हणजे शासनाचे लेखी म्हणणे, अंतिम करावी.

पहिली पायरी : कलम ८० ची नोटीस

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार शासनावर दावा लावण्यापूर्वी वादीला दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते आणि राज्य शासनाच्या बाबतीत ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना देता येते. या नोटिशीचा हेतू शासनाला स्वतःची चूक दुरुस्त करण्याची संधी मिळावी हा आहे. प्रत्यक्षात ती आवक विभागातून महसूल शाखेकडे, तिथून प्रांत कार्यालयाकडे आणि तिथून तहसीलकडे जाते आणि उत्तराविनाच पडून राहते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात याबद्दल स्पष्ट नाराजी नोंदवून अशा नोटिशांना उत्तरे देण्यासाठी अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले होते.

माझा आग्रह असा आहे की जिल्हाधिकारी कार्यालयातील विधी शाखेच्या अव्वल कारकुनाशी बोलून अशा प्रत्येक नोटिशीची प्रत आपल्याकडे त्याच आठवड्यात येईल अशी व्यवस्था करून घ्यावी. नोटिशीला दोन पानांचे नेमके उत्तर गेले तर काही दावे लागतच नाहीत. जे लागतात त्यांत ते उत्तर शासनाची पहिली आणि सुसंगत भूमिका म्हणून कामी येते.

वादीने तातडीचे कारण सांगून कलम ८०(२) खाली नोटिशीविना दाव्याची परवानगी मागितली असेल, तर शासनाला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय न्यायालय अंतरिम वा अन्य दिलासा देऊ शकत नाही. पहिल्याच दिवशी उभे राहून हा मुद्दा नम्रपणे मांडावा. नोटिशीतील किरकोळ दोषावर मात्र वेळ घालवू नये. नाव, पत्ता, वादाचे कारण आणि मागणी पुरेशी कळत असेल, तर कलम ८०(३) मुळे तो आक्षेप टिकत नाही.

मोठ्या सार्वजनिक कामाच्या आधी, जिथे आव्हान येणार हे उघड आहे तिथे, कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश करू नये असा अर्ज, दाखल करण्याचा सल्ला विभागाला द्यावा. ते ९० दिवस टिकते. मुदत संपण्याची तारीख डायरीत लिहून ठेवावी, कारण नूतनीकरणाचे स्मरण कोणतेही कार्यालय आपणहून करत नाही.

दुसरी पायरी : दप्तर

या पायरीवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण शासन हरलेले बहुतेक दावे मी इथेच हरताना पाहिले आहेत.

समन्स मिळाल्यावर कार्यालयाकडून प्रथम ‘परिच्छेदनिहाय अभिप्राय’ येतात. ते वाचावेत, पण त्यांवर विसंबून कैफियत लिहू नये. अभिप्राय लिहिणारा कारकून बहुधा नव्याने बदलून आलेला असतो. त्याने जागा पाहिलेली नसते आणि त्याच्यापुढे वादपत्रातील प्रत्येक परिच्छेदापुढे ‘मान्य नाही’ लिहिण्याचा सोपा मार्ग असतो. म्हणून पत्र लिहून मूळ संचिका मागवावी आणि संबंधित मंडळ अधिकारी व ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांना दप्तरासह समक्ष बोलवावे. मोहोळ, माढा, बार्शी इथून अधिकारी सोलापूरला येणार असतील, तर त्यांची मुख्यालयातील बैठक ज्या दिवशी असते तोच दिवस द्यावा, ते येतात. आषाढी आणि कार्तिकी वारीच्या पंधरवड्यात मात्र पंढरपूरच्या बंदोबस्तामुळे जिल्ह्यातील महसूल अधिकारी इतर कामांसाठी जवळजवळ उपलब्ध नसतात, त्यामुळे त्या काळातील तारखांची दप्तरे आधीच गोळा करून ठेवावीत.

आपल्या नमुन्याच्या दाव्यात काय काय तपासावे ते पाहू. गट गायरान म्हणून कधीपासून नोंदलेला आहे यासाठी सातबारा, जुने पाहणीपत्रक आणि आकारबंद (गटनिहाय क्षेत्र व आकाराची नोंद) पाहावा. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-इ मध्ये आहे का, आणि असल्यास ती कोणत्या साली प्रथम झाली, हे पाहावे; नोटीस देण्याच्या आदल्या आठवड्यात प्रथमच केलेली नोंद न्यायाधीशांच्या नजरेतून सुटत नाही. मोजणी भूमी अभिलेख विभागाने केली आहे का, मोजणीची सूचना कब्जेदाराला दिली होती का आणि नकाशावर अतिक्रमणाचे क्षेत्र वेगळे दाखवले आहे का, हे पाहावे. कलम ५० चा अधिकार मुळात जिल्हाधिकाऱ्यांना आहे; तहसीलदारांनी तो वापरला असेल तर तो त्यांच्याकडे कसा आला, हे सांगणारा आदेश संचिकेत हवा. नोटीस कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या पद्धतीने बजावली याचा अहवाल हवा. कब्जेदाराने दिलेल्या उत्तराचा विचार करून कारणांसह आदेश झाला आहे का, हे तर सर्वांआधी पाहावे.

सुरुवातीच्या काळात मी एका दाव्यात हे सारे तपासले, परंतु नोटिशीतील गटक्रमांक आणि मोजणी नकाशातील गटक्रमांक यांची तुलना करायची राहिली. एकत्रीकरण योजनेनंतर बदललेला जुना क्रमांक नोटिशीत तसाच उतरला होता. उलटतपासाच्या तिसऱ्या प्रश्नाला तो फरक बाहेर आला आणि जमीन खरोखर शासनाची असूनही मनाई कायम झाली. तेव्हापासून मी प्रत्येक दप्तराच्या वरच्या पानावर गटक्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, नोटिशीची तारीख आणि आदेशाची तारीख एका तक्त्यात स्वतः लिहितो. हे काम कनिष्ठ सहकाऱ्याकडे देऊ नये.

अक्कलकोट तालुक्यातील दाव्यांत संस्थानकालीन कागद निघतात आणि इतर तालुक्यांतील इनाम जमिनींच्या दप्तरांत मोडी लिपीतील जुने कागद असतात. मोडी कागदाचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घेऊन मूळ कागदासोबत दाखल करावे. कागद वाचता येत नाही म्हणून तो बाजूला ठेवणे ही मोठी चूक ठरते. शासनाच्या मालकीचा एकमेव पुरावा कधीकधी तोच असतो.

मोबाइलवर काढलेली अतिक्रमणाची छायाचित्रे आता प्रत्येक पंचनाम्याला जोडलेली असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र नसेल तर ती पुराव्यात वाचता येत नाहीत. ज्याने छायाचित्र काढले त्या कर्मचाऱ्याची बदली होण्याआधी हे प्रमाणपत्र करून घ्यावे.

तिसरी पायरी : धोरणाचा मूळ कागद

अधिनियम, नियम, अधिसूचना, शासन निर्णय आणि परिपत्रक यांची ताकद सारखी नसते. शासन निर्णय हा बहुधा राज्याच्या कार्यकारी अधिकारातून निघतो. अधिनियमात जिथे मोकळी जागा आहे तिथे तो चालतो, अधिनियमाच्या विरुद्ध मात्र चालत नाही. ज्या कागदावर विसंबायचे तो शासनाच्या संकेतस्थळावरून संगणक सांकेतांकासह उतरवून घ्यावा, त्यानंतरची शुद्धिपत्रके आणि अधिक्रमित करणारे निर्णय शोधावेत आणि कारवाईच्या तारखेला नेमका कोणता निर्णय अमलात होता हे निश्चित करावे. मंत्र्यांची टिप्पणी किंवा संचिकेतील शेरा हा आदेश नसतो. तो रीतसर निर्गमित होऊन संबंधिताला कळवला गेल्यावरच आदेश होतो, हे बच्चित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या निकालापासून ठरलेले आहे.

गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश राज्यांना दिले आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या महसूल विभागाचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आला. एवढे जोडून अनेक जण थांबतात. परंतु याच विषयावर २८ नोव्हेंबर १९९१ चाही शासन निर्णय आहे, ज्याने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील शेतीसाठीची काही अतिक्रमणे अटींसह नियमानुकूल करण्याची तरतूद केली होती. वादीचे कुटुंब त्या तरतुदीत बसते का, त्याने अर्ज केला होता का आणि त्या अर्जाचे काय झाले, हे आपण स्वतः शोधले पाहिजे. धोरण म्हणजे शासनाला सोयीचा एक कागद नव्हे. त्या विषयावरील सगळे कागद मिळून धोरण होते, आणि गरीब कब्जेदाराच्या बाजूचा कागदही शासनाचाच असतो.

घर पाडण्याचा प्रश्न असेल तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामाविषयी घालून दिलेले निर्देश, विशेषतः १५ दिवसांच्या पूर्वसूचनेचा निर्देश, प्रत्यक्ष नोटिशीशी ताडून पाहावा. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील बांधकामांना ते निर्देश लागू नाहीत. गायरान त्या अपवादात बसते असे गृहीत धरू नये आणि मुदत कमी दिली गेली असेल तर नव्याने नोटीस देण्याचा सल्ला द्यावा.

चौथी पायरी : निशाणी ५

व्यवहारात निम्मा दावा इथेच ठरतो. तूर्तातूर्त मनाई कायम झाली की मूळ दावा वर्षानुवर्षे बोर्डावर राहतो आणि धोरणाची अंमलबजावणी त्या गावापुरती थांबते.

एकतर्फी मनाई झाली असेल तर आदेश ३९ नियम ३अ कडे न्यायालयाचे लक्ष वेधून ३० दिवसांत अर्ज निकाली काढण्याची विनंती करावी. ‘से’, म्हणजे अर्जावरचे म्हणणे, देण्यासाठी तारीख मागताना विचार करावा. आपणच तीन तारखा घेतल्या तर ही विनंती करण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. प्रथमदर्शनी प्रकरण, सोयी-गैरसोयीचा समतोल आणि भरून न येणारे नुकसान या तिन्ही कसोट्यांवर, दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग (१९९२) प्रमाणे, स्वतंत्र परिच्छेदांत म्हणणे द्यावे. नवे सहकारी पहिल्या कसोटीवर चार पाने लिहितात आणि दुसरीला दोन ओळींत उरकतात. धोरणाच्या दाव्यात खरे वजन दुसऱ्या कसोटीलाच असते. गावात किती जनावरे आहेत, त्यांना चराईसाठी दुसरी जमीन आहे का, ग्रामपंचायतीचा ठराव काय आहे, त्या गटावर पाणीपुरवठ्याची टाकी किंवा सौर प्रकल्प नियोजित आहे का, ही गावाची माहिती सातबाऱ्यासोबत दाखल झाली की सार्वजनिक हित हा शब्द पोकळ राहत नाही.

कामाचा प्रकार पायाभूत सुविधा प्रकल्पाचा असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४१ मध्ये २०१८ साली घातलेला खंड (एचए) अवश्य दाखवावा. प्रकल्पाच्या प्रगतीत अडथळा येईल अशी मनाई त्याने वर्ज्य केली आहे. आपला प्रकल्प त्या अधिनियमाच्या अनुसूचीतील प्रकारांत मोडतो हे मात्र कागदाने दाखवावे लागते.

अर्ज आपल्याविरुद्ध गेला तर आदेश ४३ नियम १(आर) खाली जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत किरकोळ अपील करता येते. नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा.

पाचवी पायरी : कैफियत

लेखी म्हणण्याची मुदत ३० दिवसांची असून ती कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. आदेश २७ नियम ५ खाली शासनाला विभागाशी पत्रव्यवहारासाठी वाजवी वेळ मिळतो, परंतु ती वाढही एकूण दोन महिन्यांपलीकडे जाऊ नये असे तोच नियम सांगतो. ‘विना कैफियत’ असा आदेश झाल्यावर तो रद्द करून घेण्यात जो वेळ आणि जी पत जाते, ती भरून निघत नाही.

हरकतींचा क्रम असा ठेवावा. प्रथम अधिकारिता: महाराष्ट्र महसूल अधिकारिता अधिनियम, १८७६ चे कलम ४ आणि कलम ११ तपासावे. कलम ११ नुसार महसूल अधिकाऱ्याच्या कृतीविरुद्ध उपलब्ध असलेली अपिले केल्याशिवाय शासनावर दावा चालत नाही, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली असे अपील उपलब्ध असते. संहितेच्या कलम २०(२) खाली जमिनीच्या मालकीबाबत चौकशी होऊन आदेश झाला असेल, तर त्याविरुद्धचा दावा एक वर्षात आणावा लागतो, हा मुद्दाही लक्षात ठेवावा. दिवाणी न्यायालयाची अधिकारिता कधी वगळली जाते याची सूत्रे धुलाभाई विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९६८) या निकालात आहेत आणि ती मुळातून वाचावीत. वादपत्रावरूनच बाध स्पष्ट दिसत असेल तर वादपत्र फेटाळण्यासाठी आदेश ७ नियम ११(ड) चा स्वतंत्र अर्ज द्यावा. पुराव्याची गरज असेल तर तो अर्ज देऊन सहा महिने दवडू नयेत.

नकार मोघम नसावा. ‘परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा असून मान्य व कबूल नाही’ एवढेच लिहिले तर आदेश ८ च्या नियम ३ ते ५ प्रमाणे तो नकारच मानला न जाण्याची भीती असते. वादी २५ वर्षे कब्जात आहे हे दप्तरातून दिसत असेल तर कब्जा मान्य करावा आणि तो बेकायदेशीर असल्याचे म्हणणे द्यावे. खरे असलेले मान्य केल्याने बाकीच्या कैफियतीवरचा विश्वास वाढतो.

कैफियतीत सर्वांत जपायची गोष्ट मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त (१९७८) या निकालातून आली आहे. वैधानिक अधिकाऱ्याच्या आदेशाचे समर्थन त्या आदेशात दिलेल्या कारणांनीच करता येते. नंतरच्या शपथपत्रातून त्याला नवी कारणे जोडता येत नाहीत. म्हणून आदेशात नसलेले एखादे उत्तम कारण आपल्याला सुचले, तर ते कैफियतीत घालण्याचा मोह आवरावा आणि आदेश मागे घेऊन सुनावणीनंतर कारणांसह नवा आदेश करता येईल का, असे विभागाला विचारावे.

वादीने अधिनियमाची किंवा नियमाची वैधताच प्रश्नांकित केली असेल तर आदेश २७अ लागू होतो. घटनात्मक प्रश्न असेल तर महाधिवक्त्यांना नोटीस जावी लागते, आणि अधिनियम अवैध ठरवल्याशिवाय दावा निकाली निघत नाही असे न्यायालयास वाटले तर कलम ११३ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे निर्देशित करावे लागते. कनिष्ठ न्यायालयाने तो प्रश्न स्वतःच सोडवू नये, हे वेळीच निदर्शनास आणावे.

सहावी पायरी : साक्षीदार

साक्षीदार म्हणून जो अधिकारी त्या दिवशी जागेवर होता तोच द्यावा, मग तो हुद्द्याने लहान असला तरी चालेल. सध्याच्या तहसीलदारांनी केवळ दप्तरावरून दिलेल्या साक्षीत ‘मला वैयक्तिक माहिती नाही’ हे वाक्य पाच वेळा आले की पंचनाम्याचे मोल जाते. बदली किंवा सेवानिवृत्ती झालेल्या अधिकाऱ्याचा पत्ता दावा लागतानाच टिपून ठेवावा.

सरतपासाचे (आपल्या साक्षीदाराच्या मूळ जबाबाचे) शपथपत्र साक्षीदाराच्या स्वतःच्या शब्दांत असावे आणि त्यावर सही घेण्यापूर्वी ते त्याला वाचून दाखवावे. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या सीमेवरील गावांतील पंच अनेकदा कन्नड बोलतात, सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे साक्षीदार येतात. पंचनामा मराठीत लिहिला असेल तर तो त्यांना समजावून सांगितल्याची नोंद त्यावर आहे का हे पाहावे आणि साक्षीच्या वेळी दुभाष्याची विनंती आधीच करावी. मराठी येते अशी मान हलवणारा पंच उलटतपासात अडकला तर दोष त्याचा नसतो.

सातवी पायरी : युक्तिवाद

धोरण शहाणपणाचे आहे का, याचा निवाडा न्यायालय करत नाही. ते कायद्यानुसार आहे का, मनमानी आहे का आणि राज्यघटनेशी विसंगत आहे का, एवढेच पाहते. बाल्को कर्मचारी संघटनेच्या (२००२) निकालात हे तत्त्व आर्थिक धोरणांच्या संदर्भात स्पष्ट झाले आहे. परंतु हे तत्त्व ढालीसारखे पहिल्याच वाक्यात पुढे करू नये. आधी अधिकार, कार्यपद्धती आणि पुरावा सांगावा, मग धोरणाचा हेतू, आणि शेवटी न्यायालयीन मर्यादा.

आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरचे उदाहरण या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातील बडवे, उत्पात आणि इतर सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ साली झाला आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निकालापर्यंत चालला. शतकानुशतकांची परंपरा एका बाजूला असताना शासनाची बाजू टिकली, त्यामागे नाडकर्णी आयोगाने केलेल्या चौकशीचा आधार होता. भाविकांच्या तक्रारी, उत्पन्नाची वाटणी आणि व्यवस्थेतील दोष यांची नोंद कायदा होण्यापूर्वीच झालेली होती. चाळीस वर्षे बचाव करता येईल अशी सामग्री धोरण आखतानाच गोळा झाली, तर वकिलाचे काम प्रामाणिकपणे ती मांडण्याइतकेच उरते.

बाजू दुबळी असेल तेव्हा

दप्तर पाहिल्यावर नोटीसच बजावली गेली नव्हती असे आढळले, किंवा वादी नियमानुकूलतेस खरोखर पात्र निघाला, तर ते लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले कुणाच्या लक्षात राहत नाही. अभिप्रायात वस्तुस्थिती, कायदा, संभाव्य निकाल आणि सुचवलेला मार्ग स्पष्ट लिहावा. शासनाविरुद्धच्या दाव्यांत तडजोडीस साहाय्य करण्याचे कर्तव्य आदेश २७ नियम ५ब ने न्यायालयावर टाकले आहे. त्याचा आधार घेऊन पुढची तारीख मागता येते. केवळ तांत्रिक हरकती घेऊन रास्त मागणी टाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्बन इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, बिकानेर विरुद्ध मोहन लाल (२००९) मध्ये शासकीय संस्थांना बजावले आहे. वादीला अनुकूल असलेला कागद दडवण्याची सूचना एखाद्या कार्यालयाकडून आली, तर ती नाकारावी आणि आपला नकार लेखी ठेवावा. मला असा एक प्रसंग आला आहे. तो कागद मी दाखल केला, तो दावा शासन हरले आणि त्या कब्जेदाराला त्याचा हक्क मिळाला. त्याबद्दल मला कधीही खेद वाटलेला नाही.

निकालानंतर

निकालाच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज द्यावा; नक्कल तयार होण्याचे दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज उशिरा दिला तर आधीचे दिवस मिळत नाहीत. जिल्हा न्यायालयातील अपिलाची मुदत ३० दिवस आणि उच्च न्यायालयातील ९० दिवस असते. अपील करावे की नाही याचा अभिप्राय एका आठवड्यात पाठवावा, कारण त्यानंतर तो जिल्हाधिकारी, प्रशासकीय विभाग आणि विधी व न्याय विभाग असा प्रवास करतो. ‘फाइल फिरत होती’ हे विलंबाचे कारण म्हणून आता ऐकले जात नाही. चीफ पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया (२०१२) नंतर न्यायालये या बाबतीत कठोर झाली आहेत. निकाल विरुद्ध गेला आणि अपील करायचे नसेल तर पूर्तता वेळेत करून घ्यावी, विशेषतः वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांत, जिथे दिरंगाईमुळे व्याज सार्वजनिक तिजोरीतून जाते आणि शेवटी कार्यालयातील सामान जप्त करण्यासाठी बेलिफ दारात येतो.

निकाल अनुकूल असेल तर त्याची प्रत केवळ जिल्हाधिकारी कार्यालयाला न पाठवता तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि ग्रामपंचायत यांनाही पाठवावी आणि सातबाऱ्यावर आवश्यक तो फेर झाला का हे महिन्याभराने विचारावे. न्यायालयात दाखल केलेले मूळ कागद अपिलाची मुदत संपल्यावर रीतसर अर्जाने परत घेऊन, यादीवर तहसीलमधील अभिलेखपालाची सही घेऊन परत करावेत आणि त्या यादीची एक प्रत आपल्या दप्तरात लावावी, कारण त्याच गटावर पुढचा दावा लागला की ते कागद पुन्हा लागतात.